थवा सोडण्याआधी फीडर ओळखा: कपॅसिटरची जागा आणि आकार पीएसओने कसा काढायचा

ऊसपट्ट्यातला ११ केव्हीचा शेती फीडर घ्या. थ्री-फेज आला की ऑटोस्विच लावलेले सगळे पंप एकाच क्षणी उठतात, शेवटच्या डीपीवर व्होल्टेज बसतं, मोटरी घोंगावतात आणि पहिला फ्यूज जातो. ऑटोस्विच काढा, पंपाला कपॅसिटर लावा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. पण बिल अश्वशक्तीवर ठरत असेल तर कपॅसिटर लावून शेतकऱ्याच्या खिशात थेट काहीच पडत नाही. उच्चदाब कारखानदाराचं तसं नाही. त्याला २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे रिॲक्टिव्ह भागही धरणाऱ्या मोजमापावर, बिल येतं, त्यामुळे त्याचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला लागणारा हिस्सा) सहसा जागेवर असतो. शेती फीडरवर मात्र हे काम शेवटी वीज कंपनीलाच खांबावर कपॅसिटरचा संच, म्हणजे बँक, बसवून करावं लागतं. मग दोन प्रश्न येतात: कोणत्या खांबावर, आणि किती केव्हीएआर (रिॲक्टिव्ह पॉवरचं एकक)?

या प्रश्नावर पक्ष्यांचे थवे, मुंग्या, मधमाश्या, लांडगे अशा सगळ्यांना कामाला लावणारे शोधनिबंध ढिगाने निघाले आहेत. मी इथे त्यातला एकच, पार्टिकल स्वॉर्म ऑप्टिमायझेशन म्हणजे पीएसओ, पहिल्या पायरीपासून चालवून दाखवणार आहे. त्यात अनेक 'कण', म्हणजे सुचवलेली उत्तरं, थव्यासारखे सरकत चांगलं उत्तर शोधतात. माझं मत आधीच सांगतो. कोणता प्राणी निवडला याने दहा टक्केही फरक पडत नाही. फरक पडतो तो डेटा, खर्चाचं सूत्र आणि पडताळणी या तिघांनी. म्हणून लेखाचा मोठा भाग थव्याविषयी नाही, त्याच्या आधी आणि नंतर करायच्या कामांविषयी आहे.

आधी हातानं एक हिशेब

मोटरला चुंबकीय क्षेत्र उभं करायला जी ऊर्जा लागते ती खर्च होत नाही, ती ये-जा करते. हाच रिॲक्टिव्ह भाग. पण तार जातानाही तापते आणि येतानाही. ११ केव्हीवर २ मेगावॉट भार आहे आणि पॉवर फॅक्टर ०.७५ आहे असं धरा. एकूण भार २६६७ केव्हीए होतो, रिॲक्टिव्ह भाग १७६४ केव्हीएआर आणि लाइनचा प्रवाह १४० अँपिअर. भाराजवळ १२०० केव्हीएआरची बँक बसवली की रिॲक्टिव्ह भाग ५६४ वर येतो आणि प्रवाह १०९ अँपिअरवर. तारेतला लॉस प्रवाहाच्या वर्गाने बदलतो, म्हणून तो जवळजवळ ३९ टक्क्यांनी उतरला. काम तेवढंच झालं, तार तीच राहिली.

भार एकाच टोकाला असता तर अल्गोरिदमची गरजच नव्हती. भार फीडरभर सारखा पसरलेला असेल तर जुन्या अभियंत्यांचा दोन-तृतीयांशाचा नियम आहे: एकूण रिॲक्टिव्ह भाराच्या दोन-तृतीयांश आकाराची बँक, सबस्टेशनपासून दोन-तृतीयांश अंतरावर. रिॲक्टिव्ह प्रवाहामुळे होणाऱ्या लॉसचा नऊतला आठ भाग त्याने जातो. हा आकडा लक्षात ठेवा. कुणी तुम्हाला तीन बँकांचं 'इष्टतम' उत्तर आणून दिलं आणि ते या नियमाच्या एका बँकेपेक्षाही वाईट निघालं, तर गडबड प्रोग्राममध्ये आहे.

खरे फीडर सारखे पसरलेले नसतात. त्यांना फांद्या असतात, आणि मध्येच एखादा मोठा भार बसलेला असतो. तिथे थव्याचा उपयोग सुरू होतो.

पायरी १: सरावाचा फीडर आणि त्याच्या दोन आवृत्त्या

सरावासाठी ३३ बसचा फीडर घ्या (बस म्हणजे फीडरवरचा जोडबिंदू). बारन आणि वू यांनी तो १९८९ साली मांडला आणि तेव्हापासून तो या विषयाची अंकलिपी झाला आहे. १२.६६ केव्ही, ३२ लाइनी, शिवाय एरवी उघड्या राहणाऱ्या ५ टाय-लाइनी, म्हणजे दोन फांद्या जोडू शकणाऱ्या लाइनी. एकूण भार ३.७१५ मेगावॉट आणि २.३ मेगाव्हार. मॅटपॉवर आणि पायथनमधल्या पॅन्डापॉवर या वीजजाळ्याचा हिशेब करणाऱ्या दोन्ही सॉफ्टवेअरांत तो तयार मिळतो.

इथे पहिला खड्डा आहे. या फीडरच्या दोन आवृत्त्या फिरत असतात. सातव्या आणि आठव्या बसमधल्या लाइनचा रोध एका तक्त्यात ०.७११४ ओहम असतो, दुसऱ्यात १.७११४. पहिल्या आवृत्तीत मूळ लॉस २०२.७ किलोवॉट आणि १८ व्या बसवर किमान व्होल्टेज ०.९१३१ पर युनिट (ठरलेल्या व्होल्टेजच्या पटीत) येतं, दुसऱ्या आवृत्तीत सुमारे २११ किलोवॉट आणि ०.९०३८. म्हणजे एकाने पहिल्या आवृत्तीवर लांडगे चालवले आणि दुसऱ्याच्या २११ वर चालवलेल्या पीएसओशी तुलना केली, तर आठ किलोवॉटची 'सुधारणा' त्याला फुकट मिळते. मी पुढे २०२.७ चीच आवृत्ती वापरतो.

पायरी २: लोडफ्लो लिहा आणि आकडा जुळेपर्यंत पुढे जाऊ नका

लोडफ्लो म्हणजे प्रत्येक बसचं व्होल्टेज आणि प्रत्येक लाइनचा प्रवाह काढणारा हिशेब. रेडियल, म्हणजे एकाच टोकाकडून वीज येणाऱ्या, फीडरला न्यूटन-राफसन या जड पद्धतीची गरज नाही. मागे-पुढे झाडणारी, म्हणजे बॅकवर्ड-फॉरवर्ड स्वीप पद्धत पन्नासेक ओळींत बसते. सगळ्या बसना १.० पर युनिट व्होल्टेज द्या. प्रत्येक बसवर भार भागिले व्होल्टेज घेऊन त्याचा संयुग्मी काढा, तो झाला त्या बसचा प्रवाह. शेवटच्या टोकापासून सबस्टेशनकडे येत प्रवाह बेरजेत घ्या. मग उलट दिशेने निघा आणि प्रत्येक लाइनमधला व्होल्टेजचा उतार वजा करत टोकाला पोचा. दोन फेऱ्यांतला फरक एका दशलक्षांशाखाली गेला की थांबा. १ एमव्हीए पाया धरला तर पायाभूत रोध १६०.२८ ओहम येतो, त्याने सगळ्या लाइनींच्या ओहमना भागा.

उत्तर २०२.७ किलोवॉट आलं पाहिजे. २०१ आलं तरी चालणार नाही, चूक शोधा.

पॅन्डापॉवर वापरत असाल तर तीन गोष्टी तपासा. तिथे बस शून्यापासून मोजतात, म्हणून ३० वी बस म्हणजे क्रमांक २९. शंट घटकाला (बस आणि जमिनीमध्ये जोडलेल्या) धन केव्हीएआर दिले तर तो रिॲक्टिव्ह पॉवर खातो, म्हणून कपॅसिटरला ऋण चिन्ह द्यावं लागतं. टाय-लाइनी खरोखर उघड्या आहेत का, हेही एकदा बघून घ्या. चिन्हाची चूक माझ्याकडून झाली होती. थवा निमूटपणे प्रत्येक बँक शून्यावर आणून बसला आणि मी दोन दिवस पीएसओचे गुणांक बदलत राहिलो. थवा बरोबर होता. कपॅसिटर म्हणून मी त्याला रिॲक्टरच दिला होता.

आणखी एक. कपॅसिटरचं उत्पादन व्होल्टेजच्या वर्गाने बदलतं. ०.९३ पर युनिटवर ३०० केव्हीएआरची बँक २५९ केव्हीएआरच देते. ती स्थिर ३०० मानली की जिथे व्होल्टेज सर्वात पडलेलं आहे नेमका तिथेच फायदा फुगतो.

पायरी ३: तळ शोधा, मग बळजबरीने मोजा

थव्याआधी दोन स्वस्त प्रयोग करायचे.

पहिला: सगळ्या बसचा रिॲक्टिव्ह भार शून्य करून लोडफ्लो चालवा. येणारा लॉस हा जवळजवळ तळ असतो, कितीही कपॅसिटर लावले तरी त्याच्या फार खाली कुणी जाऊ शकत नाही. तळाखालचं उत्तर दिसलं की आनंदू नका, चूक शोधा.

दुसरा: सरळ सगळे पर्याय मोजून टाका. बँकांचे आकार १५० पासून १५०० केव्हीएआरपर्यंत, १५० च्या टप्प्याने, म्हणजे दहा. एकच बँक बसवायची तर ३२ बस गुणिले १० आकार, फक्त ३२० लोडफ्लो. दोन बँकांना ४९,६००. एका लोडफ्लोला ५ मिलिसेकंद धरले तर साधारण चार मिनिटांत आटपतं. तीन बँकांना मात्र ४९ लाख ६० हजार लोडफ्लो लागतात, म्हणजे सात तासांच्या आसपास. चार बँकांचा विचारही नको.

थव्याची खरी गरज कुठून लागते ते या तीन आकड्यांतच दिसतं. दोन बँकांपर्यंत तो वापरणं म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावर जायला एसटी पकडणं. पण ती चार मिनिटं वाया जात नाहीत, कारण दोन बँकांचं खात्रीचं उत्तर हातात येतं आणि पुढे त्याच्यावरच थव्याची परीक्षा घेता येते.

काय दिसेल? एकच बँक असेल तर ती ३० व्या बसवर जाते आणि लॉस २८-२९ टक्क्यांनी उतरतो. कारण साधं आहे: ३० व्या बसवर २०० किलोवॉट भारासोबत ६०० केव्हीएआर बसलेले आहेत, अख्ख्या फीडरच्या रिॲक्टिव्ह भाराचा चौथा हिस्सा एका बसवर. दोन बँका केल्या की मोठी ३० वर राहते, दुसरी १२ व्या बसच्या आसपास येते आणि लॉस १३५-१३६ किलोवॉटवर येतो, म्हणजे ३३ टक्के घट. तिसरी बँक त्यात दीड-दोन टक्क्यांचीच भर घालते. हा चढ इतका झपाट्याने सपाट होतो हे शोधनिबंधांच्या तक्त्यांत सहज नजरेआड जातं.

पायरी ४: खर्चाचं सूत्र

नुसता लॉस कमी करा म्हटलं की थवा प्रत्येक बसवर कपॅसिटर टांगेल. म्हणून रुपये मोजायचे: वर्षभराच्या लॉसचे युनिट गुणिले युनिटचा दर, अधिक प्रत्येक बँकेचा बसवण्याचा ठरलेला खर्च, अधिक प्रति केव्हीएआर खर्च, भांडवल वर्षांत वाटून. दर तुमच्या खरेदी विभागाकडून घ्या, माझ्याकडून नको.

इथली नेहमीची चूक मोठी आहे. दोन बँकांनी ६७ किलोवॉट वाचले. त्याला वर्षाच्या ८७६० तासांनी गुणलं की ५ लाख ८७ हजार युनिट येतात, प्रकल्प एका वर्षात वसूल, टाळ्या. पण ६७ किलोवॉट वाचतात ते कमाल भाराला. भार निम्मा झाला की लॉस चौथ्या हिश्शावर येतो, आणि बँक भाराप्रमाणे कमी-जास्त होत असेल तर बचतही साधारण त्याच प्रमाणात उतरते. यासाठी लॉस फॅक्टर वापरायचा: ०.३ गुणिले लोड फॅक्टर (सरासरी भार भागिले कमाल भार), अधिक ०.७ गुणिले लोड फॅक्टरचा वर्ग. लोड फॅक्टर ०.५ असेल तर हा गुणांक ०.३२५ येतो आणि वर्षाची बचत १ लाख ९१ हजार युनिट. आधीच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. याच हिशेबाने तिसऱ्या बँकेचे साडेतीन किलोवॉट म्हणजे वर्षाला दहाएक हजार युनिट. तेवढ्यासाठी स्विच, फ्यूज, लाइटनिंग अरेस्टर आणि दर पावसाळ्यात वर चढणारा लाइनमन परवडतो का, हे अल्गोरिदम सांगणार नाही. ते सूत्रात आपणच घालायचं असतं.

व्होल्टेजच्या मर्यादेसाठी दंड लावतात: मर्यादा जितकी ओलांडली तिच्या वर्गाला मोठ्या आकड्याने गुणून खर्चात मिळवायचं. पण ३३ बसच्या या फीडरवर किमान ०.९५ ची अट घातली तर समजूतदारपणे बसवलेल्या कोणत्याही कपॅसिटर-रचनेत ती पाळली जात नाही, शेपटाकडचं व्होल्टेज त्याच्या खालीच राहतं. मग प्रत्येक कण दंडात जातो. थवा लॉस विसरतो, दंड कमी करायला बँका फुगवत सुटतो आणि लॉस पुन्हा चढू लागतो. लाइनमधून सबस्टेशनकडे उलटा रिॲक्टिव्ह प्रवाह वाहू लागला की ओळखा, हेच घडतंय. उपाय सोपा आहे: सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप हाही एक चल म्हणून द्या, सुरुवातीचं व्होल्टेज १.०३ पर्यंत चढू द्या. व्होल्टेज उचलायचं काम टॅपचं, ते कपॅसिटरच्या गळ्यात बांधू नये.

पायरी ५: कणाला काय लिहून द्यायचं

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबतो.

सरळ सुचणारी मांडणी अशी: कण म्हणजे सहा आकडे, तीन बसक्रमांक आणि तीन आकार. थवा बसक्रमांक पुढे-मागे सरकवेल, आपण ते पूर्णांकात बदलू. दिसायला सुटसुटीत आहे, पण फीडरच्या नकाशाकडे बघा. १८ वी बस मुख्य लाइनच्या अगदी शेपटाला आहे. १९ वी बस मात्र दुसऱ्या बसवरून फुटलेल्या फांदीची सुरुवात, सबस्टेशनच्या उंबऱ्यावर. तशीच २३ वी तिसऱ्या बसवरून फुटते आणि २६ वी सहाव्यावरून. क्रमांकाने शेजारी, विजेच्या दृष्टीने गावाची दोन टोकं. पीएसओचा सगळा भरवसा 'जवळच्या जागेचं उत्तरही जवळचं' यावर असतो. तो भरवसाच इथे मोडतो. कण १८ वरून १९ वर सरकला की खर्च कड्यावरून पडल्यासारखा बदलतो, आणि १७.६ चा १८ करणारी पूर्णांकाची तडजोड त्यात भर घालते.

मी वापरतो ती मांडणी वेगळी आहे. आधी उमेदवार बसची छोटी यादी करायची, दहा-बारा पुरे. कण म्हणजे त्या प्रत्येक बसवरच्या बँकेचा आकार, ० ते १५००. शून्य म्हणजे बँक नाही. आता प्रत्येक चल खरोखर सलग आहे, आणि किती बँका हव्यात हे बसवण्याचा ठरलेला खर्च आपोआप ठरवतो. यादी एक-बँक प्रयोगातून काढा, पण नुसते वरचे दहा क्रमांक उचलू नका. ते सगळे २९, ३०, ३१, ३२ असे एकमेकांना चिकटलेले निघतील, कारण ३० च्या शेजाऱ्यांनाही जवळजवळ तेवढेच गुण पडतात. प्रत्येक फांदीतले वरचे दोन-तीन घ्या.

आकार १५० च्या पटीत आणायचं काम खर्च मोजताना करा, कणाच्या जागेत नाही. कणाची जागा ६३७ असेल तर ती ६३७ च राहू द्या, लोडफ्लोला ६०० द्या. कणालाच ६०० वर खेचलं की त्याचे छोटे वेग गिळले जातात आणि थवा वेळेआधी थिजतो.

पायरी ६: थवा चालवणं

पीएसओ १९९५ साली जेम्स केनेडी या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने आणि रसेल एबरहार्ट या विद्युत अभियंत्याने मांडला. विजेच्या क्षेत्रात तो पटकन आला. योशिदा आणि सहकाऱ्यांनी २००० सालीच जपानमधून रिॲक्टिव्ह पॉवर आणि व्होल्टेज नियंत्रणासाठी तो वापरून दाखवला होता. सूत्र दोन ओळींचं आहे:

नवा वेग = व × जुना वेग + क१ × य१ × (माझी आजवरची सर्वोत्तम जागा − सध्याची जागा) + क२ × य२ × (थव्याची सर्वोत्तम जागा − सध्याची जागा)

नवी जागा = सध्याची जागा + नवा वेग

य१ आणि य२ हे ० ते १ मधले यादृच्छिक आकडे, प्रत्येक चलासाठी आणि प्रत्येक फेरीत नवे. 'व' ०.७३ आणि क१, क२ दोन्ही १.५ ठेवा. हे आकडे क्लेर्क आणि केनेडी यांच्या २००२ च्या स्थिरतेच्या विश्लेषणातून आलेले आहेत आणि पहिल्या प्रयत्नाला त्यांना हात लावायचं कारण नाही.

एक पाऊल हाताने टाकून बघू. एका बसवरची बँक सध्या ६०० केव्हीएआर, जुना वेग ५०, कणाची स्वतःची सर्वोत्तम जागा ७५०, थव्याची १२००. य१ ०.४ आणि य२ ०.६ आले. जुन्या वेगाचे ३६.५, स्वतःच्या आठवणीचे ९०, थव्याच्या ओढीचे ५४०, बेरीज ६६६.५. एवढी उडी नको, म्हणून वेगाला पल्ल्याच्या २० टक्क्यांची, म्हणजे ३०० ची, वेसण. नवी जागा ९००. कण भिंतीबाहेर गेला तर त्याला भिंतीवर ठेवा आणि त्या चलाचा वेग शून्य करा. नाहीतर तो पुन्हा पुन्हा तिथेच डोकं आपटत राहतो.

३० कण आणि १०० फेऱ्या म्हणजे ३००० लोडफ्लो, पंधरा सेकंदांचं काम. पहिल्या थव्यात एक कण सगळ्या बँका शून्य असलेला ठेवा आणि एक दोन-तृतीयांश नियमाचा. थवा मग निदान माहीत असलेल्या उत्तराच्या मागे पडत नाही.

एक बारीक सापळा नमपाय, म्हणजे पायथनचं आकडेमोडीचं पॅकेज, वापरणाऱ्यांसाठी. एखादा लोडफ्लो जुळला नाही आणि खर्चाच्या जागी 'नॅन' (आकडाच नाही, अशी खूण) आला, तर किमान शोधणारं आर्गमिन त्या 'नॅन'चाच क्रमांक किमान म्हणून परत देतं. म्हणजे फुटलेला कण थव्याचा पुढारी होतो आणि सगळे त्याच्या मागे. न जुळलेल्या लोडफ्लोला नेहमी प्रचंड पण सांत दंड द्या.

पायरी ७: एका धावेवर विश्वास ठेवू नका

पीएसओ प्रत्येक वेळी वेगळं उत्तर देऊ शकतो. म्हणून यादृच्छिक आकड्यांची वेगवेगळी बीजं देऊन ३० वेळा चालवा आणि सर्वोत्तम, मध्यक, सर्वांत वाईट असे तिन्ही आकडे लिहा. नुसता सर्वोत्तम सांगणं म्हणजे तीस चेंडूंतला एकच षटकार दाखवणं.

पहिली परीक्षा दोन बँकांची. पायरी ३ मधलं उत्तर दिलेल्या उमेदवार-यादीत आहे याची खात्री करा, बँका दोनच ठेवा आणि थवा ते किती वेळा गाठतो ते मोजा. तीसपैकी पंचवीस वेळाही जमत नसेल तर कण वाढवा किंवा मांडणी तपासा. दुसरी परीक्षा थोडी अपमानास्पद आहे: ३००० यादृच्छिक रचना उचला आणि त्यातली उत्तम रचना थव्याच्या मध्यकाशी ताडून बघा. फरक नगण्य असेल तर तुमच्या प्रश्नाला थवा नकोच होता.

मुंग्या १९९२ पासून आहेत, मधमाश्या २००५, राखाडी लांडगे २०१४. दर वर्षी नवा प्राणी येतो आणि जुन्या सगळ्यांना हरवतो. संशोधक केनेथ सॉरेन्सन यांनी २०१५ साली या प्राणिसंग्रहालयाची चांगलीच हजेरी घेतली. बहुतेक ठिकाणी नाव नवं आणि यंत्र जुनं असतं, हा त्यांचा आक्षेप मला पटतो. दुसरी पद्धत ताडून बघायचीच असेल तर सुरतेच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या आर. वेंकट राव यांची २०१६ ची 'जय' पद्धत घ्या. तिला कुठल्याच प्राण्याची उपमा नाही, 'व', 'क१', 'क२' असे जुळवायचे गुणांकही नाहीत. सर्वोत्तमाकडे सरका, सर्वांत वाईटापासून दूर व्हा, बस्स. पीएसओच्या प्रोग्राममध्ये चार ओळी बदलून ती चालते. दोन्ही पद्धती एकाच जागी पोचल्या तर उत्तरावरचा विश्वास वाढतो.

पायरी ८: कागदावरून खांबावर

कमाल भाराला काढलेलं उत्तर रात्री काय करतं? शेती फीडरला थ्री-फेज ठरावीक तासच असतो. पंप बंद आणि बँक चालू राहिली तर पॉवर फॅक्टर लीडिंग होतो, म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवर उलटी सबस्टेशनकडे वाहते, आणि व्होल्टेज चढतं. म्हणून खर्च किमान तीन भारपातळ्यांवर मोजा, प्रत्येक पातळीचे वर्षातले तास खऱ्या नोंदींतून घ्या, आणि हलक्या भारालाही चालेल तेवढाच भाग कायम जोडलेला ठेवा. बाकीचा स्विचवर. कणात आकार एकच ठेवण्याऐवजी 'कायम' आणि 'स्विचचा' असे दोन हिस्से करता येतात, चलांची संख्या तेवढी दुप्पट होते. फीडरवर सौर प्रकल्प जोडलेला असेल तर त्याचा इन्व्हर्टरही रिॲक्टिव्ह पॉवर देऊ-घेऊ शकतो. तो चल धरला की कधी कधी एक बँक वाचते.

चढत्या व्होल्टेजला हलक्यात घेऊ नका. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, त्याच्या मुळाशी व्होल्टेज वाढत जाऊन एकामागून एक वीजनिर्मिती सुटत जाणं होतं. आपल्या ग्रिडच्या नियमांतही दोन्ही बाजू आहेत. व्होल्टेज ९७ टक्क्यांखाली असताना रिॲक्टिव्ह पॉवर ओढणाऱ्या राज्याला पैसे पडतात, आणि १०३ टक्क्यांवर असताना ती ढकलणाऱ्यालाही.

मग हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतले नको असलेले प्रवाह. बसच्या शॉर्ट-सर्किट एमव्हीएला बँकेच्या मेगाव्हारने भागा आणि वर्गमूळ काढा, अनुनादाचा क्रम मिळतो. ५० एमव्हीएच्या जागी २ मेगाव्हार बसवले तर वर्गमूळ २५, म्हणजे नेमका पाचवा हार्मोनिक, ड्राइव्ह आणि रेक्टिफायर भरभरून देतात तोच. १ मेगाव्हार बसवले तर सातव्याच्या अगदी शेजारी. थव्याच्या उत्तरावर हा हिशेब प्रत्येक बससाठी करा, पाच-सातच्या जवळ आलं तर आकार एक टप्पा बदला. खर्चात त्याने सहसा फारसा फरक पडत नाही, कारण इष्टतमाच्या आसपास चढ सपाटच असतो.

पारेषण पातळीवर हीच यंत्रणा चालते, फक्त चल बदलतात. ३० बसच्या आयट्रिपलई नमुन्यात ६ जनित्रांची व्होल्टेज, ४ ट्रान्सफॉर्मरचे टॅप आणि ९ शंट असे १९ चल नेहमी घेतात. तिथे रेडियलची पद्धत चालणार नाही, न्यूटन-राफसन लागेल. जनित्रांच्या रिॲक्टिव्ह मर्यादा लोडफ्लोमध्ये मुद्दाम चालू करा. त्या बंद राहिल्या की थवा जनित्रांकडून त्यांच्या कुवतीबाहेरचे मेगाव्हार काढून घेतो आणि लॉसचा आकडा छान दिसतो.

जागा ठरली की फाइल बंद करण्याआधी तिथे स्वतः जाऊन या. नकाशावरची ३० वी बस प्रत्यक्षात ओढ्याच्या काठावरचा, जीपही न पोचणारा एकेरी खांब निघू शकतो. २९ किंवा ३१ घेऊन लोडफ्लो पुन्हा चालवा, किती किलोवॉट गेले ते लिहून ठेवा. बहुतेक वेळा ते इतके कमी असतात की डबल पोल, रस्ता आणि माती बघून जागा ठरवलेली बरी. बँक चालू झाल्यावर सबस्टेशनमधल्या फीडर मीटरवर एक आठवडा लक्ष ठेवा, विशेषतः थ्री-फेज गेल्यानंतरच्या पहिल्या तासावर. तिथे पॉवर फॅक्टर लीडिंग दिसला तर स्विचचा टायमर अलीकडे आणा, म्हणजे बँक लवकर सुटेल.